थांबाराव आणि सहा लाख चाळीस हजार पानं

थांबारावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझा एक पाय उंबऱ्याच्या आत होता, दुसरा हवेत होता, आणि तो तसाच हवेत राहिला.

"थांबा! कुणी हलू नका!" असा आवाज आला आणि एक सपाट तळहात माझ्या छातीच्या दिशेने वर झाला. खोलीत आठ माणसं होती. आठही जागच्या जागी गोठलेली. एकाच्या ओठाला चहाचा कप लागलेला, एकीची शिंक नाकाच्या शेंड्यावर येऊन उभी. मीही थिजलो. त्या अवस्थेत किती काळ गेला ते नक्की सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की पाय उचलला तेव्हा मी बऱ्यापैकी तरुण होतो, माझे बूट चालू फॅशनचे होते आणि माझ्या बायकोला माझ्याबद्दल काही आशा होत्या. पाय टेकला तेव्हा कानशिलांवर पांढरं उतरलं होतं, तसले बूट कुणी घालेनासं झालं होतं, आणि आशांचं काय झालं ते घरी गेल्यावरच कळणार होतं. या सगळ्या कालखंडात त्या खोलीत एकच वस्तू हलत होती, ती म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोल गोल फिरणारी एक निळी चकती. शेवटी चकती नाहीशी झाली, तिच्या जागी एक छोटी चौकट उगवली, आणि तळहातवाल्या गृहस्थांनी ऑपरेशन थिएटरच्या दारात येणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात जाहीर केलं, "गेलं."

आठ जणांनी श्वास सोडला. अडकलेली शिंक पूर्ण झाली. गृहस्थ माझ्याकडे वळले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही काही हलवलंत का?"

हे थांबाराव. त्यांचं खरं नाव मला पुढे महिनाभराने कळलं, पण तोवर ते वापरायची सोय राहिली नव्हती. ते दिवसातून चाळीस वेळा "थांबा" म्हणत. माणसांना म्हणत, कॉम्प्युटरला म्हणत, जिना चढताना स्वतःलाही म्हणत. बारीक अंगाचा, पंचेचाळिशीचा माणूस. शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि बोटाएवढा एक स्क्रू-ड्रायव्हर. घरच्या डब्याला बसून न्याय द्यायला त्यांना फुरसत नसे, म्हणून उभ्यानेच जेवत. माणसांशी ते कधी कधी खेकसून बोलत, यंत्रांशी मात्र कायम अदबीने. "या साहेब, दमानं या, काही घाई नाही," असं ते एका करड्या पेटीला समजावताना मी या कानांनी ऐकलं आहे.

ती संस्था वाळवलेल्या पानांची होती. एका शाळामास्तरांनी पन्नास वर्षांपूर्वी ती काढली. झाडाचं पान आणायचं, दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं, नंबर घालायचा आणि ठेवून द्यायचं. इथवर जगात सगळीकडे असंच चालतं. या मास्तरांचं वेगळेपण असं की त्यांनी पानांची वर्गवारी करायला साफ बंदी घातली होती. हे पान कोणत्या कुळातलं यावर दोन विद्वान त्यांच्या दिवाणखान्यात सहा वर्षं भांडले होते आणि तेवढ्या काळात पानाला कसर लागली होती. तेव्हापासून नियम ठरला: पान आलं की पुढचा नंबर घ्यायचा आणि रांगेत उभं राहायचं. कूळ नाही, गाव नाही, मोठं नाही, धाकटं नाही. एक ते सहा लाख चाळीस हजार, सगळ्यांची एकच रांग. त्याच क्रमाने सगळ्या कागदांचे फोटो काढले गेले आणि त्याच क्रमाने ते फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवले गेले. फोल्डरचं नाव 'पानं'.

संस्थेच्या पन्नाशीची स्मरणिका लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यासाठी मला चाळीस पानांचे फोटो हवे होते. चाळीस म्हणजे काही फार नव्हेत, असं मला वाटलं होतं.

आता हे फोटो होते कुठे? इमारतीत नव्हते. दूर कुठेतरी, कुणी पाहिलेली नाहीत अशा भाड्याच्या यंत्रांत होते. त्याला जग क्लाउड म्हणतं आणि थांबाराव गोदाम म्हणत. पण संचालक मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मला ते वेगळं काही उघडायला लावू नका. माझी पत्रं जशी माझ्या कॉम्प्युटरवर दिसतात तशीच सगळी पानं दिसली पाहिजेत. जणू टेबलाखालच्या पेटीतच आहेत." थांबारावांनी तसं केलं. गोदाम प्रत्येक कॉम्प्युटरला असं जोडलं की ते घरचंच वाटावं. याला ते 'माउंट करणं' म्हणत. जोडलं खरं, पण उघडेना. चकती फिरायची, फिरायची आणि चौकट यायची: वेळ संपली.

"हे बघा," त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं, "कॉम्प्युटर गोदामात फोन करतो. विचारतो, तुमच्याकडे काय काय आहे? गोदामवाला काही एका दमात सगळी यादी सांगत नाही. हजार नावं सांगतो आणि फोन ठेवतो. पुढच्या हजारासाठी पुन्हा फोन. किती फोन झाले?"

"सहाशे चाळीस," मी म्हणालो.

"आणि आपला कॉम्प्युटर थांबतो किती? तीस सेकंद! तीस सेकंदांत आमची ही फोनवर बहिणीच्या तब्येतीपर्यंतसुद्धा पोचत नाही. तीस सेकंद झाली की हा म्हणतो, पलीकडे कुणी नाही, आणि रुसून बसतो. कुणी नाही काय, तो बिचारा गोदामवाला घसा फोडून नावं सांगतोय!"

हा सगळा प्रकार नुसता गमतीचा राहिला असता. पण थांबाराव नऊ वर्षं हंगामी होते. दर वर्षी त्यांना अकरा महिन्यांचं पत्र मिळे, मग एक महिना ते पत्राशिवाय येत, आणि मग पुन्हा पत्र. या खेपेला कार्यकारी समिती पाहणीला येणार होती आणि मॅडमनी सांगितलं होतं, "समितीसमोर पानं उघडली, तर तुम्हाला कायम करण्याचा ठराव मी स्वतः मांडते. नाही उघडली, तर माझ्याकडे बोलायला तोंड नाही." समिती पाच आठवड्यांनी येणार होती.

हे त्यांच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं. एका रविवारी दुपारी त्यांनी मला चहाला नेलं. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले मोजे, आणि खुर्चीत ऐसपैस बसलेला त्यांचा मेव्हणा. मेव्हणा पाणीपुरवठ्यात होता. सकाळी सहाला एक व्हॉल्व्ह उघडायचा आणि नऊला तोच व्हॉल्व्ह बंद करायचा, हे त्याचं काम. या कामावर तो वयाच्या बाविसाव्या वर्षापासून कायम होता आणि ते त्याच्या बसण्यात दिसत होतं.

"काय दाजी," तो म्हणाला, "उघडलं का तुमचं?"

"उघडेल."

"नाही, आमचं रोज उघडतं म्हणून विचारलं."

"अरे, तुझ्या नळात पाणी एका बाजूनं येतं," थांबाराव म्हणाले. "माझ्याकडे सहा लाख नळ आहेत."

"मग प्लंबर बोलवा की!"

वहिनींनी भावाच्या पुढ्यातली बिस्किटांची बशी उचलून माझ्यापुढे ठेवली. "तू गप रे. यांचं होणार आहे यंदा," त्या म्हणाल्या, आणि मला हळूच विचारलं, "होईल ना हो भाऊजी? शाळेच्या फॉर्मवर नऊ वर्षं मी वडिलांच्या नोकरीपुढे 'तात्पुरती' लिहितेय. आता मुलगीच कॉलेजात गेली."

मी म्हणालो, होईल. दुसरं काय म्हणणार?

थांबारावांनी सुरुवात अगदी सरळ केली. कॉम्प्युटर लवकर रुसतो ना, मग त्याला जास्त थांबायला शिकवायचं. तीस सेकंदांची त्यांनी पाच मिनिटं केली. परिणाम असा झाला की पूर्वी कॉम्प्युटर तीस सेकंदांत नकार देऊन मोकळा व्हायचा, तो आता पाच मिनिटं दातखीळ बसल्यासारखा गप्प पडायचा आणि मग नकार द्यायचा. त्या पाच मिनिटांत पत्र लिहिता येईना, छपाई होईना, उंदीर हलेना. म्हणजे टेबलावरचा.

"आधी निदान नाही तरी म्हणत होता," आत्या म्हणाल्या. "आता अबोलाच धरलाय." आत्या या संस्थेतल्या सगळ्यात जुन्या नोंदणीकार. त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या, पण सगळी इमारत त्यांना आत्या म्हणे आणि त्या सगळ्या इमारतीला भाच्यासारखं वागवत.

मॅडमनी विचारलं, "ही सुधारणा आहे का?"

"तांत्रिकदृष्ट्या, हो," थांबाराव म्हणाले.

मग त्यांनी एक चौकटीची वही केली. पानं उघडायचा प्रत्येक प्रयत्न ते तीत टिपत. फसला तर लाल पेनाने, जमला तर हिरव्या. आठवड्याभरात लाल पेनाची कांडी संपली. हिरवं पेन जवळजवळ न वापरल्यामुळे वाळून गेलं. इंटरनेटवाल्या कंपनीला फोन केला तर त्यांनी बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. काय बंद करायचं ते मात्र सांगितलं नाही.

वहीतून एकच गोष्ट दिसत होती. सकाळी साडेदहा ते अकरा आणि जेवणानंतर दोनच्या सुमारास लाल नोंदींचा नुसता सडा पडे. एरवी कधीतरी एखादं काम धडपडत शेवटाला पोचायचं. यंत्रात कारण सापडेना, तेव्हा थांबारावांनी नऊ वर्षांत न केलेली एक गोष्ट केली. ते यंत्रांकडे पाठ करून स्टुलावर बसले आणि दिवसभर माणसांकडे बघत राहिले.

त्यांनी जे पाहिलं ते असं. माणूस साडेदहाला येतो. पिशवी खांद्यावरच असते. उभ्या उभ्या 'पानं' वर क्लिक करतो. कुणाला पान हवं असतं का? मुळीच नाही. आज उघडतंय का ते बघायचं असतं. मिनिटभर चकती फिरते. माणूस म्हणतो, "छे, आजही नाही," बंद करतो, पिशवी ठेवतो आणि पुन्हा उघडून बघतो. पहिले दोनशे फोन वाया. यादी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. शेजारचा विचारतो, "उघडलं का?" हा म्हणतो, "नाही, तू बघ." तोही बघतो. अशी आठ माणसं, आठ कॉम्प्युटर, आणि पलीकडे एक गोदामवाला. गेले चार महिने संपूर्ण संस्था दुसरं काहीही न करता, पानं उघडतात की नाही एवढंच तपासत होती आणि त्या तपासण्यामुळेच ती उघडत नव्हती.

मी मान खाली घातली. त्या दिवशी सकाळपासून मीही सात वेळा बघितलं होतं.

आत्यांचं प्रकरण आणखी गहन होतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर यादीऐवजी चित्रं दिसत, म्हणजे प्रत्येक फाईलच्या जागी त्या पानाचा छोटा फोटो. तो छोटा फोटो काढण्यासाठी कॉम्प्युटर मूळचा भला थोरला फोटो गोदामातून पुरता ओढून आणी. एकेकाचा. सहा लाख चाळीस हजारांचा.

"आत्या, हे कुणी लावलं?"

"मीच. का?"

"बंद करायला लागेल."

"का म्हणून? मी पानं चेहऱ्यानं ओळखते, नंबरानं नाही. तुला कुणी म्हणालं, बायकोला नंबरानं हाक मार, तर मारशील का?"

"आत्या, मला बायको एकच आहे!"

"म्हणूनच तुला सोपं जातंय."

थांबारावांनी सगळ्यांना गोळा करून शपथ घातली: कुणीही उगाच उघडून बघायचं नाही. सगळ्यांनी मनापासून कबूल केलं. आणि दुसऱ्या दिवशी लाल नोंदी दुप्पट झाल्या, कारण आता कुणीच उघडत नसेल तर आपल्याला नक्की उघडेल, असा हिशेब प्रत्येकाने स्वतंत्रपणे केला होता.

माणसं बदलण्याइतका वेळ नव्हता. तीन आठवडे उरले होते. थांबाराव मॅडमच्या खोलीत गेले. मी चाळीस फोटोंच्या आशेने मागोमाग गेलो.

"मॅडम, एका फोल्डरमध्ये सहा लाख फायली ठेवल्या तर हे कधीच धड चालणार नाही. फोड करायला लागेल. हजार-हजारांचे फोल्डर. मग कुणी उघडलं तरी एका फोनमध्ये काम."

मॅडमनी भिंतीवरच्या मास्तरांच्या तसबिरीकडे पाहिलं. "रांग एकच राहील, असं त्यांनी लिहून ठेवलंय. आज तुम्ही हजार-हजार कराल, उद्या कुणी म्हणेल कुळाप्रमाणे करू. मग पुन्हा भांडणं."

"कुळाचं मी नावच काढत नाही."

"सुरुवात अशीच होते."

थांबाराव बाहेर आले आणि मला वाटलं, संपलं. पण ते सरळ मागच्या लांबलचक दालनात गेले, जिथे खरी पानं होती. भिंतभर लाकडी खण, एकाला लागून एक. ते पितळी पाट्या वाचत एका टोकापासून चालायला लागले. अर्ध्या तासाने धुळीने माखून परतले ते थेट मॅडमच्या टेबलापाशी.

"मॅडम, मास्तरांनी किती खण केलेत माहीत आहे? सहाशे चाळीस. एकेका खणात हजार कागद. रांग एकच आहे हो, पण तिला खण आहेत! सगळी पानं एकाच खणात कोंबायची अक्कल मास्तरांची नाही, आपली आहे."

मॅडम उठल्या, आत्यांना हाक मारली, आणि दोघींनी एक अख्खी दुपार घालवून एक खण मोजला. नऊशे अठ्ठ्याण्णव भरले. आत्यांनी दोन पानं कुणी, कधी, अभ्यासाला म्हणून नेली आणि परत दिली नाहीत ते नावानिशी सांगितलं. हजार झाले.

"खण म्हणा," मॅडम म्हणाल्या. "फोल्डर म्हणू नका. करा."

गोदामात वस्तू इकडची तिकडे सरकवता येत नाही. तिची नवी प्रत करायची, ती नीट उतरली का ते बघायचं आणि मग जुनी पुसायची. थांबारावांनी अकरा दिवस सकाळी साडेदहा ते साडेपाच तेवढंच केलं. कॉम्प्युटरने एकदा विचारलेली यादी दिवसभर लक्षात ठेवावी, सारखी विचारू नये, अशीही व्यवस्था केली. छोटी चित्रं सगळीकडे बंद केली. आणि पाच मिनिटांची ती मर्यादा, जिच्यापासून त्यांनी सुरुवात केली होती, ती खाली आणून एक मिनिटावर ठेवली. आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी थांबारावांनी प्रत्येक पानाचा पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो करून त्यांच्यासाठी वेगळा ठेवला. आत्यांनी चष्मा पुसला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "सतरा हजार दोनशे तीनचं देठ उलटं लागलंय." म्हणजे समेट झाला.

मला माझे चाळीस फोटो एका तासात मिळाले.

समितीच्या दिवशी थांबाराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. आठही जणांना त्यांनी हात मागे बांधून भिंतीशी उभं केलं होतं. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. एक सदस्य सतत घड्याळ बघत होता आणि दुसरा केवळ गाडी त्याची होती म्हणून आला होता. थांबारावांनी वीस मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "ते नंतर. आधी दाखवा."

थांबारावांनी 'पानं' वर क्लिक केलं. सहाशे चाळीस खण उघडले. तीनशे सतरावर क्लिक केलं. हजार नावं आली. एकावर क्लिक केलं. पडदाभर एक जाळीदार पान, शिरा न शिरा दिसणारं. एकूण चार सेकंद. भिंतीशी उभ्या आठ जणांच्या तोंडून एकदम "आहा" निघालं. आत्यांनी टाळी वाजवली.

अध्यक्ष वाट बघत होते. "हं. मग?"

"उघडलं, साहेब."

"ते दिसतंय. दाखवणार काय होतात?"

"हेच."

"हे? हे माझ्या घरीही उघडतं."

"नाही साहेब, आधी हे उघडत नव्हतं."

"पण आता उघडतंय ना?"

"हो."

"रोज उघडेल?"

"रोज."

"त्यासाठी रोज काही करायला लागतं?"

मॅडम पुढे सरसावल्या, पण थांबाराव त्यांच्या आधी बोलले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी त्यांच्या कामाबद्दल प्रश्न विचारत होतं आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "काही म्हणजे काही नाही, साहेब! आपोआप. आता कुणी हात लावायचीसुद्धा गरज नाही."

मॅडमनी डोळे मिटले. अध्यक्षांनी वहीत एक ओळ लिहिली. उरलेला तासभर समितीने गाड्या लावायची जागा पाहिली आणि चहा घेतला.

अहवाल सहा आठवड्यांनी आला. मॅडमनी ठराव मांडला होता, भांडल्याही होत्या. अहवालात लिहिलं होतं की यंत्रणा आपोआप आणि उत्तम चालत असल्याने पूर्णवेळ तंत्रज्ञाची गरज उरलेली नाही.

थांबाराव आता मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, दुपारी एकपर्यंत.